टोचणीबाईची मयत

वस्तीतली पोरं तिला टोचणीबाई म्हणायची, आणि पोरांचं ऐकून मोठेही तेच म्हणायला लागले. खरं नाव होतं, नाही कशाला, पण ते दवाखान्याच्या हजेरीपत्रकात पडून असायचं. बावीस वर्षं ती लोकांची बोटं टोचत होती. दारात उभं राहायचं आणि विचारायचं, "घरात कुणाला ताप? थंडी वाजून येतो? एक दिवसाआड येतो?" हो म्हणाले की डाव्या हाताचं बोट पुसायचं, टोचायचं, काचेच्या पट्टीवर रक्त घ्यायचं, पट्टी वाळवून कागदात गुंडाळायची आणि दवाखान्यात नेऊन द्यायची. हिवताप निघाला तर परत त्याच दारात जायचं, गोळी समोर गिळायला लावायची आणि मग जीभ वर करून दाखवायला सांगायचं. समोर, बरं का. हातात दिलेली गोळी माणूस कुठे ठेवतो हे तिला पुरतं ठाऊक होतं. कुणी पत्र्याच्या खाचेत ठेवायचं, कुणी उशीखाली. एका आजोबांनी तर कोंबडीला घातली होती.

"कोंबडीला कशाला?" तिने कपाळावर हात मारून विचारलं होतं.

"तीही कुडकुडत होती," आजोबा म्हणाले.

तर अशी एकेक माणसं तिने सांभाळली. अख्ख्या वस्तीचं रक्त तिच्या हाताखालून गेलं, राहिलं ते एकटं तिचं. तिला कधी ताप येत नव्हता अशातला भाग नाही. पण टोचणारीला कोण टोचणार? दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

आणि आपण बोलतोय त्या आठवड्यात ती फार थकली होती. नेहमीचा थकवा वेगळा. तो पाय धुऊन, कपभर चहा घेतला की उतरायचा. हा उतरतच नव्हता. रविवारी दुपारी भर उन्हात उभं असताना तिला थंडी वाजली. म्हणाली, ऊन बाधलं. मंगळवारी पुन्हा तेच. म्हणाली, पोटात काही नाही म्हणून. सासू खाटेवरून सगळं बघत होती. सासूचे गुडघे गेले होते, पण नजर शाबूत होती आणि तोंड तर ठणठणीत.

"इकडे ये. अंग बघू तुझं."

"काही नाही हो आई, दमलेय."

"दमल्यावर दात वाजतात होय? मला मेलीला माहीतच नव्हतं."

"अहो, शुक्रवारपर्यंत मला मरायलाही फुरसत नाही," ती म्हणाली. तापाची एक गोळी पाण्याबरोबर ढकलली, पिशवी खांद्याला लावली आणि निघाली.

हे शुक्रवारचं काय प्रकरण होतं ते आधी सांगायला हवं.

तीन वर्षांपूर्वी तिची वही गेली आणि फोन आला. काचपट्टी तीच, बोटं तीच, पण लिहायचं ते सगळं फोनमधल्या ॲपमध्ये. कुठल्या घरात ताप, किती दिवसांचा, हे टाकलं की वर कुठल्याशा कचेरीत नकाशावर तांबडा ठिपका उमटायचा, आणि ठिपके दाट होतील तिथे फवारणीची गाडी जायची. कल्पना वाईट नव्हती, हे तिने मोकळ्या मनाने कबूल केलं होतं. वहीतला ताप वर पोचेपर्यंत माणूस एकतर बरा व्हायचा, नाहीतर कायमचा बरा व्हायचा. ॲपमधला ताप त्याच दिवशी पोचायचा. घोडं अडलं ते एका चौकटीपाशी. माणसाची नोंद करताना त्याचा मोबाइल नंबर टाका. टाकल्याशिवाय पुढचं पान उघडायचं नाही, कारण रक्ताचा अहवाल त्याच नंबरवर जाणार.

आता नंबर आणायचा कुठून? खडीच्या क्रशरमागे पत्र्याच्या खोल्यांत राहणाऱ्यांकडे घरटी एक फोन, तो नवऱ्याच्या खिशात, नवरा डंपरवर आणि डंपर कुठे ते देवाला माहीत. म्हाताऱ्यांकडे फोनच नाही. कुणाचा नंबर दर दोन महिन्यांनी नवा. तेव्हा तिने जे केलं तेच शेजारच्या वस्त्यांतल्या तिच्यासारख्या बायकांनीही केलं होतं, एकमेकींना न विचारता. ज्याला नंबर नाही त्याच्यापुढे सरळ आपला टाकायचा. बघता बघता त्र्याण्णव माणसं तिच्या एका फोनवर राहायला आली. अहवाल आला की फोन वाजायचा, ती नाव बघायची आणि ज्याचं त्याला सांगायला चालत जायची. यात लबाडी कसली? उलट गाडं छान चाललं होतं.

पण वर कुणाच्या तरी डोळ्यांवर आलं की एका नंबरवर त्र्याण्णव माणसं आणि वर्षभरात एकोणतीस हिवताप. तो साहेब बिचारा समजला, हे एकच घर आहे. एक दिवस फवारणीची गाडी थेट तिच्या दारात येऊन उभी राहिली.

"ते त्र्याण्णव माणसांचं घर हेच का?" गाडीवाल्याने विचारलं.

"हेच की," सासू खाटेवरून म्हणाली. "या, आत या. बाकीचे खाटेखाली बसलेत."

तेव्हा सगळे पोट धरून हसले. हसणं महिनाभर टिकलं. मग नवं ॲप आलं. त्यात कर्मचाऱ्याचा नंबर कुणाच्याच नावापुढे चालणार नव्हता. एका नंबरवर सहाच माणसं. आणि माणूस दुसऱ्या नंबरवर हलवायचा तर त्या फोनवर येणारे सहा आकडे, म्हणजे ओटीपी, लगेच टाकायला हवेत. शुक्रवारी संध्याकाळी सहापर्यंत जी माणसं हलणार नाहीत ती यादीतून आपोआप पुसली जातील. त्यांचे यायचे अहवालही त्यांच्याबरोबर जातील.

तिने सुपरवायझरला फोन लावला. वयाने तो तिच्या मुलाएवढा, स्वभावाने गरीब, आणि आवाज कायम नुकतीच बस चुकल्यासारखा.

"साहेब, चार दिवसांत त्र्याण्णव माणसं कुठे हलवू? मी काय घरं बांधू?"

"ताई, माझ्याकडे अशा अकरा ताई आहेत. सगळ्यांचे मिळून आठशेच्या वर होतात. मी सकाळपासून जेवलो नाहीये."

"ज्यांच्या पट्ट्या तपासणीला गेल्यात त्यांचं तरी? प्रयोगशाळेत नुसतं विचारलं तर?"

"तिथे नावं नसतात हो आता, नुसते कोड. यादीतलं नाव गेलं की तो कोड कुणाचा ते कुणालाच कळणार नाही." मग तो हळूच म्हणाला, "ताई, माझ्या हातात असतं तर..."

"असू दे," ती म्हणाली. "जेवून घ्या तुम्ही."

मग चार दिवस ती ओटीपी मागत फिरली. शिंप्याने सहा माणसं घेतली, न्हाव्याने सहा, चहाच्या टपरीवाल्याने घेतली आणि वर फुकट चहा पाजला. शाळेतल्या बाईंच्या नंबरवर दोनच जागा होत्या, त्यांनी त्या दिल्या. किराणावाला मात्र तिच्याकडे संशयाने बघत राहिला.

"ओटीपी कुणाला सांगायचा नाही, असं तुम्हीच मागच्या वर्षी घरोघर सांगत होता ना?"

"हो, मीच."

"मग आता?"

"आता मीच मागतेय. द्या."

त्याला पटवण्यात अर्धा तास गेला. माणसाला पटवायला बोलावं लागतं, आणि बोलायला अंगात त्राण लागतं. गुरुवारी दुपारी ती त्याच्याच दुकानाच्या पायरीवर बसली ती वीस मिनिटं उठली नाही. हातपाय कापत होते. घाम आला, कापणं थांबलं, ती उठली. पिशवीत काचपट्ट्या होत्या, सुया होत्या, तापमापक होता. तिला तो काढून बघावासा वाटला नाही. खरं सांगायचं तर तिला कळू द्यायचंच नव्हतं. कळलं तर झोपावं लागेल, आणि झोपली तर क्रशरवरची धाकटी यादीतून जाईल.

धाकटी म्हणजे क्रशरमागच्या खोलीत राहणाऱ्या दोन जावांमधली धाकटी. वय असेल वीस. सातवा महिना लागला होता. मंगळवारी टोचणीबाई गेली तेव्हा ती पत्र्याच्या भिंतीला टेकून बसली होती, डोळे लाल, ओठ सुकलेले. जागच्या जागी तपासायचं किट महिन्याभरापासून संपलेलं, दवाखान्यातही नव्हतं, म्हणून काचपट्टीच घेतली. पोटुशी बाईला हिवतापाच्या सरसकट सगळ्या गोळ्या चालत नाहीत. हिवताप आहे का आणि कुठला, ते काचेवर बघूनच डॉक्टर ठरवणार. म्हणजे अहवाल यायलाच हवा होता.

आणि धाकटीच्या बाबतीत टोचणीबाईच्या मनाला एक जुना सल होता. गेल्या वर्षीही ती अशीच पोटुशी होती, सहावा महिना होता, आणि अशीच तापली होती. तेव्हा टोचणीबाईने अगदी नियमाप्रमाणे तिच्या नवऱ्याचा नंबर टाकला. तो नंबर त्याने आठवड्यापूर्वीच सोडला होता. अहवाल गेला कुणा परक्या माणसाच्या फोनवर, त्याने बघितला असेल आणि पुसला असेल, त्याचा काय दोष? इकडे टोचणीबाई समजून बसली की अहवाल आला असेल, नवऱ्याने दवाखान्यात नेलं असेल. बाकीच्या वस्त्या करून ती क्रशरवर परतली तेव्हा तापाला अकरा दिवस झाले होते. मूल गेलं. धाकटी तिला एक शब्द बोलली नाही. थोरली बोलली, "तुमचं एवढं यंत्र, आणि एक निरोप आणता आला नाही?" त्या दिवसापासून धाकटीपुढे टोचणीबाईचा स्वतःचा नंबर होता. आणि तोच आता चालत नव्हता.

शुक्रवारी दुपारी चारला ब्याण्णव माणसं हलवून झाली होती. उरली एकटी धाकटी; तिचा नवरा डंपर घेऊन बाहेर, त्याचा फोन लागत नव्हता. टोचणीबाई क्रशरच्या कारकुनाकडे गेली. कागदांवर खडीची पांढरी धूळ, कारकुनाच्या भुवयांवरही तीच.

"एकच माणूस आहे हो," ती म्हणाली.

"नको ताई. उद्या त्या बाईचं काही बरंवाईट झालं की चौकशीत माझा नंबर. मालक मला उभा चिरेल."

"बरंवाईट होऊ नये म्हणूनच मागतेय ना?"

"दुसरं कुणी बघा," तो म्हणाला आणि खिडकीबाहेर बघायला लागला.

दुसरं कुणी नव्हतं. ज्यांनी दिले त्यांचे सहा भरले होते, तिच्या मुलाचे-सुनेचे धरून, ज्यांनी नाही दिले त्यांच्यापुढे पालथ्या घड्यावर पाणी. साडेपाचला ती घरी आली. नवरा वेल्डिंगच्या दुकानातून येऊन हात घासत बसला होता, त्याचा फोन खिडकीत चार्जिंगला लावलेला. तिने तो उचलला. नवऱ्याच्या नंबरवर त्यांचं स्वतःचं घर होतं: सासू, नवरा, ती, मुलगा, सून, नातू. मोजून सहा.

म्हणजे एकाला काढायला हवं. तिने आपल्या फोनवर घराचं पान उघडलं. नवऱ्याला काढता येत नाही, नंबरच त्याचा. सासूच्या रक्तदाबाच्या गोळ्या याच यादीवरून येतात. नातवाच्या लसी बाकी आहेत, आणि त्याच्या आईबापाशिवाय त्याचं नाव एकटं राहत नाही. राहिली ती स्वतः. तिचं त्या यादीत काय अडलं होतं? काही नाही. बावीस वर्षांत तिच्या नावापुढे ना ताप, ना पट्टी, ना गोळी. कोरं करकरीत पान.

तिने आपल्या नावावर बोट ठेवलं. ॲपने विचारलं, सदस्य कमी करण्याचं कारण? तीन होती. स्थलांतर: नवा पत्ता आणि नवा नंबर द्या. दुबार नोंद: मंजुरीला आठ दिवस. मयत: तात्काळ.

घड्याळात सहाला सात मिनिटं कमी होती. तिला पुन्हा थंडी भरते की काय असं वाटलं, पण ती नुसती थकली होती. तिने मयत दाबलं. ॲप म्हणालं, खात्री आहे? तिने होय दाबलं. मग धाकटीला आपल्या जागी घेतलं, नवऱ्याच्या फोनवर सहा आकडे आले, ते टाकले. हिरवी खूण उमटली.

"काय करतेस गं?" सासूने विचारलं.

"काही नाही, एकीला जागा करून दिली."

रात्री ती न जेवताच झोपली.

शनिवारी सकाळी नऊला नवरा धावत घरी आला. काळा चष्मा कपाळावर, एका हातात हातमोजा, दुसऱ्या हातात फोन. ती अंगणात सासूच्या खाटेपाशी भांडी घासत होती. तो तिच्यासमोर येऊन थांबला, धाप लागलेला.

"काय झालं?"

"तू मेलीस म्हणे," तो म्हणाला आणि फोन पुढे केला. आपल्या कुटुंबातील सदस्याच्या निधनाबद्दल विभाग दुःखी आहे, असा संदेश होता, खाली तिचं पूर्ण नाव. "दुकानातले सगळे काम टाकून उभे राहिले. शेठने मला पाणी दिलं. मी वेड्यासारखा धावत आलोय!"

तिने सगळं सांगितलं. तो कमी बोलणारा माणूस, पण त्या दिवशी चिडला. "जागा करायला तूच सापडलीस?"

"मग दुसरं कोण होतं रिकामं?"

सासू खाटेवरून मध्येच बोलली. "नशीब हो," ती म्हणाली, "मेल्यावरसुद्धा भांडी घासणारी सून मिळाली." पण बोलताना तिने हात लांब करून सुनेच्या मनगटाला धरलं, आणि हसू विरलं. "भाजतंय गं हे. गुरुवारी दुपारीसुद्धा पांघरूण ओढून बसली होतीस. मंगळवारी तेच. एक दिवसाआड, एक दिवसाआड. हे कोण विचारत फिरतं दारोदार?"

"आई, धाकटीचा निरोप येऊ दे. मग बघू."

रोज मरे त्याला कोण रडे म्हणतात. ही तर मरून भांडी घासत होती. कुणी रडायला बसलं असतं तर तिने त्यालाही चहा करून दिला असता.

सोमवारी अकराला निरोप आला. नवरा सायकल दामटत आला आणि दारातूनच ओरडला, "आला! हिवताप आहे म्हणतोय!" तिने तोंडावर पाणी मारलं आणि निघाली. क्रशरपर्यंतची वाट रोजचीच, पण त्या दिवशी ती तीनदा बसली. धाकटीला उठवलं, थोरलीला बरोबर घेतलं, रिकाम्या जाणाऱ्या एका टेम्पोला हात केला. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी अहवाल बघितला, पोटुशीला चालतील अशाच गोळ्या लिहून दिल्या, तीन दिवस इथेच राहा म्हणाल्या, आणि पोटाला यंत्र लावलं. खोलीभर ठोके ऐकू आले, जलद, अगदी पळत सुटल्यासारखे. थोरली रडायला लागली. धाकटीने टोचणीबाईचा हात धरला आणि म्हणाली, "आलात या वेळेला." एवढंच. टोचणीबाईला वाटलं, आता इथेच फरशीवर आडवं व्हावं.

"तुम्हाला बरं नाही का?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"दमलेय," ती म्हणाली. बाकावर बसून तिचे गुडघे एकमेकांवर आपटत होते. बाहेर चाळीस माणसं रांगेत होती. डॉक्टरीणबाईंनी पुढच्याला आत बोलावलं.

तुम्ही म्हणाल, आता तरी तिने बोट टोचून घ्यावं की नाही? पण किट दवाखान्यात आलं ते मंगळवारी. पंचवीसचा डबा घेऊन ती घरी आली, ठेवला आणि पडून राहिली. सल गेला होता, धाकटी सुखरूप होती, आता अंगाचं काय ते उद्या बघू. असे तिचे उद्या कितीतरी साचले होते.

बुधवारी दुपारी तिचा फोन वाजला. ॲपने काम धाडलं होतं. आपल्या विभागात एका मृत्यूची नोंद झाली आहे. हिवतापग्रस्त विभाग असल्याने अठ्ठेचाळीस तासांत मयताच्या घरी भेट देऊन चौकशी पूर्ण करावी. खाली मयताचं नाव होतं.

तिने सुपरवायझरला फोन केला.

"ताई? तुम्ही..." त्याचा आवाज चिरकला. "अहो, मी परवापासून नाव बघतोय आणि तुमच्या घरी फोन करायची हिंमत होत नाहीये!"

"जिवंत आहे मी. जागेची अडचण होती."

"परत जिवंत करायला अर्ज लागेल ताई, वरून मंजुरी. तोवर ही चौकशी बंद करावीच लागेल. नाहीतर अख्ख्या विभागाची यादी अडकते. खरं काय ते भरा आणि पाठवा. पुढचं मी बघतो."

खरं काय ते भरा. ती खाटेशेजारी जमिनीवर बसली, मयताच्या घरी भेट तर झालीच होती. माहिती देणाऱ्याचं मयताशी नातं? तिने सासूकडे बघितलं आणि सासू असं टाकलं.

मयताला ताप होता का?

तिचं बोट ‘नाही’वर गेलं, सवयीने. मग थांबलं. बावीस वर्षं ती लोकांना सांगत आली होती, की खोटं सांगू नका, तुमचंच नुकसान आहे. तिने होय दाबलं.

थंडी वाजून येत होता का? होय. एक दिवसाआड? सासू वरून वाकून बघत होती. "होय टाक," ती म्हणाली. "मी साक्षीदार आहे."

ताप किती दिवस होता?

तिने बोटांवर मोजलं. रविवार, सोमवार, मंगळवार. हाताची बोटं संपली, दुसरा हात घेतला. तोही संपला आणि एक उरलं. अकरा.

ती तिथेच थांबली. अकरा दिवसांवर तिने गेल्या वर्षी क्रशरच्या दारात उभं राहून मान खाली घातली होती. तेव्हा निरोप पोचला नव्हता. या वेळी निरोप पोचवायचा तरी कुठे होता? तिच्याच अंगात बसून तो एक दिवसाआड दार वाजवत होता, आणि ती त्याला म्हणत होती, दमलेय. तिला रडू आलं. मोठ्याने नाही, नुसतं डोळ्यांतून वाहायला लागलं.

रक्त तपासलं होतं का? नाही. नसल्यास कारण? इथे लिहायला मोकळी जागा होती. तिने लिहिलं, वेळ नव्हता. मग वाचून बघितलं. हेच कारण क्रशरवरची माणसं सांगायची तेव्हा ती किती बोलायची त्यांना!

"आण तो डबा," सासू म्हणाली.

"आई, किट असं वापरता येत नाही. प्रत्येक किटचा नंबर माणसाच्या नावापुढे स्कॅन करावा लागतो." तिने करून दाखवलं. ॲप म्हणालं, सदर व्यक्ती मयत आहे.

"त्याला मयत दिसतेस. मला दिसत नाहीस. बोट पुढे कर."

"तुम्ही टोचणार?"

"इतकी वर्षं माझी टोचलीस, आज माझी पाळी. डावा हात. बघ, सगळं ठाऊक आहे मला."

सासूची सुई दोनदा चुकली आणि तिसऱ्यांदा गरजेपेक्षा जास्त आत गेली. टोचणीबाई कळवळली. "आई गं!"

"पोरं पळतात ती उगीच नाही," सासू समाधानाने म्हणाली.

थेंब किटच्या पट्टीत सोडला, वरून औषध टाकलं, आणि पंधरा मिनिटं दोघी तिच्याकडे बघत बसल्या. पहिली रेघ आली. मग खाली दुसरी, आधी पुसट, मग गडद. दोन रेघा. टोचणीबाईने अशा शेकडो बघितल्या होत्या आणि लोकांना शांतपणे सांगितलं होतं, घाबरू नका, गोळ्यांनी बरं होतं. ते वाक्य तिने आत्ताही मनात म्हणून बघितलं. सासूने विचारायच्या आतच तिने पिशवीतून गोळ्यांची पट्टी काढून खाटेवर ठेवली आणि चौकशी पुन्हा हातात घेतली. एकच प्रश्न उरला होता.

आपल्या मते हा मृत्यू टाळता आला असता का? होय. नाही. सांगता येत नाही.

तिने होय दाबलं आणि पाठवून दिलं.

"काय लिहिलंस शेवटी?" सासूने विचारलं.

"टाळता आला असता म्हणून."

"मग गीळ," सासू म्हणाली आणि पाण्याचा पेला पुढे केला. "माझ्यासमोर."

तिने गोळ्या तोंडात टाकल्या, पाणी प्यायली आणि जीभ वर करून दाखवली.